तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात गाडी मधेच का उभी करतात?

लग्नाची पंगत असो की दवाखान्याचा बाक, मी रेल्वेत होतो हे कळलं की प्रश्न येतोच. "आबा, आपल्या खान्देशात पाऊस तो केवढा? तरी जरा जोर धरला की गाडी रानात का उभी करतात?"

एकतीस वर्षं मी रुळावर काढली. आधी रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतला गँगमन, मग रुळाच्या चाव्या तपासत चालणारा चावीवाला. म्हणून सांगतो. वर्षाचा पाऊस आपल्याकडे कमीच, पण रुळाला वर्षाच्या पावसाशी घेणंदेणं नाही, तासाभरात किती कोसळला याच्याशी आहे. पूर्वी झड लागायची, माती हळूहळू भिजायची. आता आठवडेच्या आठवडे कोरडे जातात आणि एका रात्रीत नाले फुटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. ते कधीतरी खाली येणारच.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिलं जोरदार पाणी सरळ त्यांत शिरतं आणि रुळाखालचा मातीचा भराव आतून सैल होतो.

एका ऑगस्टच्या रात्री मी आणि जोडीदार गस्तीवर होतो. पाऊस थांबला होता. रुळाखालून नाला जातो अशा एका मोरीपाशी, म्हणजे लहान पुलापाशी, पाण्याचा आवाजच येईना, म्हणून बॅटरी मारली. वरच्या बागांतून वाहून आलेले केळीचे खांब आणि पऱ्हाट्या मोरीच्या तोंडात गच्च बसलेल्या, एका बाजूला पाणी तुंबलेलं. वर रूळ अगदी सरळ. खडीवर टाच मारली तर खालून पोकळ आवाज. वाकून पाहिलं, तर चार स्लीपर, रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, नुसते रुळाला लटकत होते.

रूळ तुटलेला नव्हता, त्यामुळे सिग्नल हिरवाच राहिला असता. ड्रायव्हरला काही कळायला मार्ग नव्हता. आम्ही दोघं दोन दिशांना पळालो. चाकाखाली येताच मोठा आवाज करून ड्रायव्हरला सावध करणारे फटाके आमच्याकडे असतात. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरवर. हात थरथरत होते, फटाक्याची पट्टी रुळाला वळता वळेना. गाडी थांबली.

४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशातल्या हरद्याजवळ मात्र तसं झालं नाही. आपल्या भुसावळवरून पुढे गेलेली कामायनी आणि समोरून येणारी जनता एक्सप्रेस, दोन्ही गाड्या पुरानं खालची माती ओढून नेलेल्या रुळावरून घसरल्या. कितीतरी माणसं गेली. ती बातमी ऐकली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आपल्याकडे रेल्वे आली ती १८६० च्या दशकात. पुलांचे गाळे आणि मोऱ्यांची तोंडं ठरवताना तेव्हा माहीत असलेले पूर धरले गेले. ती मापं आजच्या पावसाला धरून पुन्हा तपासायला हवीत, लहान मोऱ्यांची तर आधी. आणि बागायतदार भाऊंना हात जोडून सांगणं आहे, कापलेले खांब नाल्यात ढकलू नका.

गेल्या पावसाळ्यात पाचोऱ्याच्या पुढे आमची गाडी पाऊण तास उभी होती. शेजारचा मुलगा वैतागला, त्यानं हाच प्रश्न विचारला. मी त्याला दारापाशी नेलं. पुढे वळणावर, पुलापाशी, दोन रेनकोट वाकून खाली बॅटरी मारत होते.