वस्तऱ्याची धार सूक्ष्मदर्शकाखाली

साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक काही वेगळं दाखवता येत नाही, आणि उत्तम धारेचं टोक त्याहूनही बारीक असतं. म्हणजे ४०० पटीलाही टोक दिसत नाही; दिसतात ते धारेलगतच्या उतारावरचे ओरखडे. पण खरी माहिती त्यातच असते.

उजेड वरून पडणारा हवा. खालून उजेड देणाऱ्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात पोलाद नुसतं काळं दिसतं. वस्तरा आडवा ठेवला की वरचा उतार सुमारे १६ अंशांनी कललेला राहतो आणि एक पट्टीच फोकसमध्ये येते. म्हणून पात्याखाली, धारेपासून दूर, मातीचा गोळा लावून उतार सपाट करायचा. आधी तेल पुसून घ्या, पण कापड पाठीकडून धारेकडे न्या. उलट नेलं तर धार कापडात अडकते. ४० पटीचं साधं भिंग पात्याच्या इतकं जवळ येतं की टेकलं तर धार गेलीच. १० पटीचं आधी लावा.

आता ओरखडे बघा. धार लावायच्या प्रत्येक दगडावर घासायची दिशा थोडी बदलली असेल तर जुने-नवे लगेच ओळखता येतात. दगडाचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. ८००० नंबरच्या दगडाच्या बारीक रेघा धारेपर्यंत न पोचता अलीकडेच थांबल्या आणि कडेला १०००चे जाड चर राहिले, तर पुढचं पॉलिश फुकट. परत १०००वर जा. कडेला फोकसबाहेरचा चमकता, फाटका धागा दिसला तर ती कणी, म्हणजे घासताना कडेला वळून राहिलेलं पातळ पोलाद. एकाच जागी पुन्हापुन्हा खाच पडत असेल तर आसपास काळे ठिपके शोधा: आत गंज आहे, तो भाग पूर्ण झिजेपर्यंत तिथे धार टिकत नाही.