आकाशगंगेतली काळी चीर

मे महिन्यात, अमावास्येच्या आगेमागे, शहराच्या उजेडापासून लांब जा. रात्री अडीच-तीनच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून वृश्चिकेची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र शोधा. नांगीच्या डावीकडे धनूतले ठळक तारे किटलीसारखे दिसतात. त्या किटलीच्या तोटीच्या जरासं उजवीकडे आपल्या दीर्घिकेचं, म्हणजे आकाशगंगेचं, केंद्र आहे, महाराष्ट्रातून क्षितिजापासून साधारण ४२ अंश वर.

फोटोतले रंग मात्र डोळ्यांना दिसणार नाहीत. अंधारात आपली नजर रंग टिपत नाही, त्यामुळे आकाशगंगेचा पट्टा करडाच दिसतो. त्याच्या मधोमध जी काळी चीर दिसते, ती नीट बघा. तिथे तारे नाहीत असं नाही. मध्ये धूळ आहे. आकाशगंगा समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी, असं मला ठामपणे वाटतं.

आपली दीर्घिका म्हणजे सुमारे १ लाख प्रकाशवर्षं व्यासाची, पण जेमतेम हजारभर प्रकाशवर्षं जाडीची तबकडी. आपण तिच्या आतच असल्यामुळे ती कडेने, पट्ट्यासारखी दिसते. धूळही याच पातळीत साचलेली. १७८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने दिशादिशांचे तारे मोजून नकाशा काढला आणि सूर्य जवळपास मधोमध आला. धुळीमुळे सगळीकडे थोड्याच अंतरापर्यंतचे तारे दिसत होते. १९१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीने ताऱ्यांऐवजी गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचे दाट गोळे, मोजायला धरले. त्यांतले बरेचसे धुळीच्या पातळीबाहेर आहेत, आणि त्यांची गर्दी धनूच्या दिशेला आहे. सूर्य मधून हलला तो तेव्हा. शॅप्लीने काढलेलं सूर्यापासून केंद्राचं अंतर खऱ्याच्या दुपटीहून जास्त निघालं, पण दिशा बरोबर होती. आजचा आकडा सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं. केंद्राभोवती एका प्रदक्षिणेला सूर्याला साधारण २३ कोटी वर्षं लागतात.

केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या साधारण एक लाख कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. अवरक्त (इन्फ्रारेड) आणि रेडिओ लहरी मात्र धुळीतून पार होतात. अवरक्तात तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा मोजूनच सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर सिद्ध झालं. त्यासाठी खगोलशास्त्रज्ञ गेंझेल आणि घेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. मधला ताऱ्यांचा दांडा आणि सर्पिल भुजा यांचा नकाशाही बराचसा अशाच लहरींवर उभा आहे. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही टिपता येते. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत.

ताऱ्यांची संख्या १० हजार ते ४० हजार कोटी अशी ढोबळच सांगतात, कारण बहुसंख्य तारे मंद, तांबडे आणि बारके आहेत.

फोटो काढायचा तर ट्रायपॉड हवाच. २४ मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, २० सेकंद. यापेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की तारे लांबट येतात. ऑटोफोकस अंधारात चुकतो. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस करा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइल एकदा उघडला की तो अर्धा तास पुन्हा मोजावा लागतो. जून ते सप्टेंबर ढगांत जातो. ऑक्टोबरअखेर अंधार पडताच नैऋत्येला खाली थोडा वेळ केंद्र सापडतं, पण तिकडे शहर असेल तर मार्च ते मे हेच महिने धरा.