सीएचरूट: आत काय आणि बाहेर काय

चालू लिनक्सवर (हा ‘होस्ट’) सोर्सपासून आपली नवी लिनक्स सिस्टिम बांधताना सीएचरूट ही कमांड लागते, आणि ती एकच काम करते. एका प्रोसेससाठी (चालू प्रोग्रामसाठी), आणि तिच्यातून पुढे निघणाऱ्या प्रत्येक प्रोसेससाठी, ‘/’, म्हणजे सगळ्या फाइलींचं मूळ, कोणती डिरेक्टरी ते बदलते. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही सोय आली तेव्हाही ती एवढंच करायची. तिला तुरुंग समजू नका. आत ज्याच्या हाती रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार आहेत त्याने मनावर घेतलं तर तो बाहेर येतो.

इंदूरकरांनी सराफा आठवावा. दिवसा दागिन्यांची दुकानं, रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस. गल्ली तीच, बाजार निराळा. सीएचरूटच्या आत शेल (कमांड घेणारा प्रोग्राम), लायब्रऱ्या, कंपायलर सगळं नवं असतं, पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, होस्टचाच चालतो. आत ‘यूनेम’ला आर पर्याय देऊन पाहा, होस्टच्या कर्नलचाच आकडा दिसेल. जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ सी लायब्ररी) बांधताना किमान कर्नल ५.४ ठरवला असेल आणि होस्टचा त्याहून जुना असेल, तर २.३६ च्या आधीच्या जीलिबसीत आतला पहिलाच प्रोग्राम ‘कर्नल टू ओल्ड’ म्हणून मान टाकायचा.

मग हा खटाटोप कशाला? प्रत्येक पॅकेजची कॉन्फिगर स्क्रिप्ट मशीनवर काय काय सापडतं ते हुंगत फिरते. होस्ट उबुंटू असेल तर तिला उबुंटूच्या लायब्रऱ्या सापडतात, ती त्या जोडून मोकळी होते, आणि कंपाइल अगदी सुरळीत होतं. रड सुरू होते नवी सिस्टिम एकटी बूट केल्यावर, कारण तिथे ती लायब्ररी नसते. म्हणून आधी बिनयुटिल्स (असेम्बलर, लिंकर) आणि जीसीसीचा क्रॉस-कंपायलर (होस्टवर चालून नव्या सिस्टिमसाठी बांधणारा), कर्नलचे हेडर, जीलिबसी, मग त्या कंपायलरने बांधलेली तात्पुरती साधनं, आणि त्यानंतरच सीएचरूट. होस्टचं ‘यूएसआर’ दिसलंच नाही तर हुंगणार काय?

आत शिरताना हमखास छळणारा एरर म्हणजे बॅश या शेलची फाइल डोळ्यांसमोर असताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. बॅश असतो, नसतो तो त्याला मेमरीत चढवणारा लोडर, ‘एलडी-लिनक्स’. रीडएल्फला एल पर्याय देऊन इंटरप्रिटरची ओळ वाचा. तिथला पत्ता नव्या मुळापासून मोजायचा, होस्टच्या नव्हे. ६४ बिटवर बहुतेकदा ‘लिब६४’मधली लिंक करायची राहिलेली असते. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर दुखणं वेगळं, बायनरी भलत्याच प्रोसेसरसाठी बांधलेली आहे. प्रॉम्प्टवर ‘आय हॅव नो नेम!’ दिसलं तर घाबरू नका, पासवर्ड फाइल अजून तयार व्हायची आहे.

आता माउंट, म्हणजे एखादी फाइल सिस्टिम डिरेक्टरीवर जोडणं. आधी होस्टचं ‘डेव्ह’ (डिव्हाइस फाइलींची डिरेक्टरी) बाइंड करायचं, म्हणजे तेच आतही दिसेल असं जोडायचं, त्यानंतर त्याच्या आत ‘डेव्हपीटीएस’ (आभासी टर्मिनलांसाठी), ग्रुप ५ आणि मोड ०६२० देऊन. हा क्रम उलटला तर बाइंड वरून येऊन पीटीएसला झाकून टाकतं. मग प्रॉक, सिस (दोन्ही कर्नलची माहिती दाखवणाऱ्या) आणि ‘रन’वर टीएमपीएफएस (मेमरीतली फाइल सिस्टिम). यातलं एखादं राहिलं तर लगेच बोंब होत नाही, हीच पंचाईत. ‘डेव्ह’ नसेल तर ‘डेव्ह-नल’कडे फेकलेलं आउटपुट रिडायरेक्शनने त्याच नावाची साधी फाइल बनवून तिच्यात साठत जातं. प्रॉक नसेल तर बॅशचं प्रोसेस सब्स्टिट्यूशन (कमांडचं आउटपुट फाइलसारखं वापरणं) ‘डेव्ह-एफडी-६३’ सापडत नाही म्हणून कोसळतं, आणि माणूस बिचारा स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतो. पीटीएस नसेल तर टेस्ट ‘पीटीवाय’ (आभासी टर्मिनल) संपल्याची तक्रार करतात.

शिरताना ‘एन्व्ह’ला आय पर्याय द्यायचाच. तो होस्टचे सगळे व्हेरिएबल पुसतो. मग होम, टर्म, प्रॉम्प्ट आणि पाथ एवढेच आपल्या हाताने द्यायचे. होस्टचा एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्रऱ्या शोधायचा पत्ता) किंवा सीफ्लॅग्ज (कंपायलरचे पर्याय) चोरपावलांनी आत आला तर एवढी वेगळी चूल मांडून उपयोग काय?

मे-जूनच्या वादळात वीज गेली आणि इन्व्हर्टरही बसला, तर डिस्कवरच्या फाइली राहतात, पण वरचे सगळे माउंट आणि व्हेरिएबल जातात. अर्धवट बांधलेली सोर्स डिरेक्टरी सरळ काढून टाका आणि टारबॉल (सोर्सची बांधलेली फाइल) पुन्हा उघडा; ‘मेक’ तिथूनच पुढे नेईल हा भरवसा महागात पडतो. सगळ्यात घातक म्हणजे नव्या पार्टिशनचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल रिकामं असणं. फाइलींची मालकी रूटकडे देणारी रिकर्सिव्ह ‘चाओन’ कमांड त्या अवस्थेत चालवली की ती होस्टच्याच ‘यूएसआर’ आणि ‘व्हार’वरून फिरते, आणि होस्टच्या सेवा एकेक करून बंद पडतात. बॅशमध्ये महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहायची सवय लावा. किंमत रिकामी असेल तर कमांड चालतच नाही. आणि ‘माउंटपॉइंट’ने पार्टिशन खरंच लागलंय ना, तेही तपासा.

ती ‘चाओन’ टाळूनही चालत नाही, बरं का. तात्पुरती साधनं होस्टवरच्या वेगळ्या यूजरने बांधलेली असतात. त्याचा १००१ सारखा आकडा फाइलींवर तसाच राहिला, तर नव्या सिस्टिममध्ये पुढे ज्याला तो आकडा मिळेल तो कंपायलरचा मालक होऊन बसतो.

बॅकअप घेण्याआधी किंवा सगळं पुसून नव्याने सुरू करण्याआधी बाहेर या आणि आतले माउंट उतरवा. बाइंड लागलेलं असताना फाइली पुसणारं रिकर्सिव्ह ‘आरएम’ चालवलंत तर होस्टच्या ‘डेव्ह’मधले नोड (डिव्हाइस फाइली) जातात. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये एखादा शेल अजून आतच बसलेला असतो. ‘फ्यूजर’ त्याचा प्रोसेस नंबर सांगतो.

हे उतरवणं वारंवार विसरत असेल तर ‘अनशेअर’ला एम पर्याय देऊन उघडलेल्या शेलमध्ये माउंट करा. ते माउंट त्या शेलपुरतेच असतात आणि त्यातली शेवटची प्रोसेस संपली की आपोआप जातात. फक्त दुसऱ्या टर्मिनलमधून ते दिसणार नाहीत, तेव्हा आत जायचं तर त्याच शेलमधून.