बॉडी वर, चासी बाहेर

आमची स्टँडर्ड हेराल्ड 1966 सालची. बाबांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती आणि गेली अकरा वर्षं ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन चालू व्हायचं, रंगही लांबून बरा दिसायचा. पण ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली की थेट शेडमधली फरशी दिसायची. मिस्त्रींनी खाली झोपून चासीला, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याला, स्क्रूड्रायव्हर टोचला, तो एका जागी मुठीपर्यंत आत गेला. वरून पत्र्याची ठिगळं लावण्यात अर्थ नव्हता. बॉडी उचलल्याशिवाय खालचं काम होणार नव्हतं.

आपल्याकडच्या फियाट किंवा अँबॅसिडरबद्दल हे बोलताच येत नाही, कारण त्यांना वेगळी चासीच नाही. बॉडी हाच सांगाडा. हेराल्डचं तसं नाही. इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना 1953 मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतला. मग 1959 ला ट्रायम्फ हेराल्ड आणताना कंपनीने वेगळी चासी ठेवली आणि बॉडीचे तुकडे ठिकठिकाणी बनवून घेऊन ते नट-बोल्टने जोडले. रेखाटन इटलीच्या जिओवानी मिकेलोत्तीचं. हीच गाडी 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स बनवू लागली. तिकडच्या एका कारखान्याची अडचण झाली म्हणून साठ वर्षांनी कोल्हापुरात मला बॉडी उचलता आली, नाहीतर गाडी भंगारातच गेली असती.

चासीची रचना साधी आहे. मधून दोन जाड दांडे जातात, त्यांना बाजूला हात फुटलेले असतात आणि त्या हातांवर बॉडी टेकते. इंग्रजी पुस्तकात त्यांना आउटरिगर म्हणतात, मिस्त्री ‘पंख’ म्हणतात. आमच्या गाडीचे डावे पंख गेले होते.

मी सुरुवात चुकीच्या टोकाने केली. उत्साहात एका रविवारी पाने घेऊन बोल्ट सोडायलाच बसलो. दोन सुटले, तिसऱ्याचं डोकं गोल झालं, तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी दरवाजा उघडून-बंद करून पाहिला आणि म्हणाले, “दादा, पयलं हे मोजून घेतलासा न्हवं?” मी काहीच मोजलं नव्हतं.

मोजायचं होतं ते दरवाजाच्या फटी. दोन दरवाजांची गाडी, त्यामुळे दरवाजे लांब आणि त्यांच्यासाठी सोडलेली मोकळी जागाही मोठी. हेराल्डच्या दरवाजाखालच्या उंबरठ्याच्या पत्र्यात फारसा दम नसतो, गाडीची ताकद सगळी खाली चासीत. बॉडी चासीवरून सुटली की पुढचा भाग आणि मागचा भाग यांना धरून ठेवायला पायाखालचा पत्रा, म्हणजे गाडीची फरशी, आणि वरचं छप्पर एवढंच उरतं. ती मध्येच बोटभर वाकली तर नंतर दरवाजा जन्मात नीट लागत नाही. म्हणून गाडी सपाट फरशीवर चारी चाकांवर उभी असताना, दरवाजे बंद ठेवून, प्रत्येक फट चार ठिकाणी मोजली. डावीकडे वरच्या कोपऱ्यात 4 मिलिमीटर, खाली 7. उजवीकडे साधारण सगळीकडे 5. मग एक इंची चौकोनी पाइपचे टेके आतून मारले. बिजागऱ्यांच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक आडवा, एक तिरका, दोन्ही बाजूंना. हे टेके बॉडी चासीवर घट्ट असतानाच मारायचे. आधी बोल्ट सोडून मग टेके मारले तर वाकलेलीच बॉडी आपण पक्की करून ठेवतो. मी सोडलेले दोन बोल्ट मिस्त्रींनी पुन्हा बसवायला लावले, मगच पाइपला हात लावू दिला.

छप्परही बोल्टवरचं असतं, ते काढलं तर वजन कमी होईल असं मला वाटत होतं. मिस्त्रींनी नको म्हटलं. छप्पर पुढच्या-मागच्या भागाला वरून बांधून ठेवतं. काचा मात्र काढल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे संध्याकाळी थोडं थोडं काम. बॅटरी सगळ्यात आधी काढली. मग पेट्रोल उपसलं आणि डिकीतली टाकी काढून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. टाकी गाडीत असताना ग्राइंडर किंवा गॅस पेटवायचा नाही, ही एक गोष्ट घरात बाबांनी कायद्यासारखी लावली होती. पुढचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलतं आणि त्याच्या बिजागऱ्या चासीवरच असतात, त्यामुळे दिव्यांच्या वायरी सोडून दोघांनी ते अलगद उचलून ठेवलं. सीट, दरवाजे, गिअरचा दांडा, गिअरबॉक्सवरचं पुठ्ठ्यासारखं कव्हर हे सगळं बाहेर.

बॉडी आणि चासीला जोडणाऱ्या ज्या बारीकसारीक गोष्टी असतात त्या जास्त त्रास देतात, कारण त्या दिसत नाहीत. स्टिअरिंगचा दांडा खालच्या जोडापासून सोडवला. क्लच आणि ब्रेकचे मास्टर सिलिंडर बॉडीवर, पण नळ्या चासीवर. त्या सोडल्या आणि टोकांना रबरी बुचं लावली. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं की रंग फुगतो, म्हणून खाली जुनं धोतर अंथरलं होतं. अॅक्सिलरेटरची दांडी, चोकची तार, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, इंजिनकडून येणारी अर्थची पट्टी, डायनॅमो आणि स्टार्टरच्या वायरी. प्रत्येक वायरीला मी चिकटपट्टीचं लेबल लावलं. अर्थची पट्टी राहिलीच होती. ती शेवटच्या दिवशी बाबांना दिसली.

बोल्टांचं वेगळंच प्रकरण. गंजलेल्या बोल्टांना रोज संध्याकाळी डिझेल पाजायचं, चौथ्या-पाचव्या दिवशी पाना लावायचा. जो हलला तो आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा. निम्मे असे निघाले. तीन तुटले, ते ड्रिल मारून काढले. प्रत्येक बोल्टाखाली, बॉडी आणि चासीच्या मध्ये, रबरी आणि धातूच्या चकत्या होत्या, आणि सगळीकडे सारख्या नव्हत्या. एका जागी एकच, तर मागच्या डाव्या कोपऱ्यात तीन एकावर एक. याच चकत्यांवर दरवाजाची फट ठरते. म्हणून प्रत्येक जागेच्या चकत्या, वायसर आणि बोल्ट वेगळ्या छोट्या पिशवीत घातले, पिशवीवर आकडा, आणि पुठ्ठ्यावर गाडीचा नकाशा काढून तेच आकडे त्यावर. आईने त्या पुठ्ठ्याला ‘गाडीची कुंडली’ असं नाव दिलं.

उचलायला काय वापरायचं यावर बराच वाद झाला. माझ्या डोक्यात चेन कप्पी होती, पण एका जागेवरून टांगलेली बॉडी झुलते, आणि शेडच्या पत्र्याखालचा अँगल ते वजन पेलेल याची खात्री कोण देणार? शेवटी मिस्त्रींची पद्धत ठरली: आठ फुटी दोन जाड चौकोनी पाइप, पिना घालून उंची बदलता येणाऱ्या चार लोखंडी घोड्या, लाकडाचे ठोकळे आणि आमच्या गल्लीतल्या तालमीची आठ पोरं. गाडीची रुंदी पाच फूट, म्हणून आठ फुटी पाइपच्या घोड्या चाकांच्या बाहेर राहतात आणि मधून चासी निघून जाते.

रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. पोरांना आधी चहा, मग मिस्त्रींनी नियम सांगितले. आवाज फक्त त्यांचा. बॉडी आणि चासीच्या मध्ये कुणाचाही हात जाणार नाही, ठोकळा सरकवायचा तो काठीने. ‘थांब’ म्हटलं की जिथे आहे तिथेच धरायचं, सोडायचं नाही.

पहिला टप्पा चार इंचांचा. तेवढी फट झाली तरच खालून पाइप घालता येतो. जॅकवर फळी ठेवून, एकदा मागून, एकदा पुढून, असं अर्धा-अर्धा इंच उचलायचं आणि लगेच ठोकळा. मागची बाजू छान वर आली. पुढून उजवीही सुटली. डावीकडे मात्र पत्रा कण्हल्यासारखा आवाज आला आणि आतला तिरका टेका ताणलेला दिसला. “थांब!” मिस्त्री ओरडले.

माझ्या यादीप्रमाणे सगळे बोल्ट निघाले होते. कुंडली दोनदा मोजली. एक पोरगा म्हणाला, गंजाने चिकटलं असेल, दोन झटके देऊ. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं. मिस्त्रींनी जॅक खाली घेतला, टॉर्च लावून चाकाच्या आतून पाहिलं आणि पत्र्याच्या चाकूने डांबराचा थर खरवडायला लागले. वीतभर खरवडल्यावर खाली वेल्डिंगची कड दिसली. पूर्वी कधीतरी एका गॅरेजने फरशीला ठिगळ लावताना ते सरळ चासीच्या पंखालाच वेल्ड केलं होतं आणि वरून डांबर फासून टाकलं होतं. बिल बाबांच्या फाइलमध्ये आहे, ‘फ्लोअर रिपेअर’ एवढंच लिहिलेलं. झटके दिले असते तर अर्ध्या फरशीसकट खांब वाकला असता.

कापायला दोन तास गेले. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी डांबर धुमसायला लागलं, म्हणून एक जण ओलं पोतं घेऊन शेजारी बसलेला, वाळूची बादली हाताशी. मिस्त्रींनी बॉडीचा पत्रा वाचवून पंखाच्या बाजूने कापलं. तो पंख तसाही टाकायचाच होता. मधल्या दांड्याला मात्र ग्राइंडर लागू दिला नाही. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 साली केंद्राने नोंदणीचे जे नियम केले, त्यांत चासीत आणि बॉडीत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आज ना उद्या त्या नोंदणीच्या भानगडीत पडावं लागेल, म्हणून मूळ सांगाडा आणि नंबर या दोन्हींना धक्का लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं.

साडेअकराला पुन्हा जॅक लावला. या वेळी डावी बाजू काही न बोलता वर आली. ठोकळे, मग फळ्या, फळ्यांखालून पाइप. एक पुढच्या फरशीखाली, एक डिकीखाली. फळी मध्ये नसेल तर पाइपची धार पत्र्यात रुतते. प्रत्येक पाइपला दोन्ही टोकांना दोन-दोन पोरं. मिस्त्रींनी तीन म्हटलं आणि बॉडी वर. किती सहज! तीन आठवडे आणि एक सकाळ घालवल्यावर प्रत्यक्ष उचलणं मिनिटभराचं. तरी एका दमात नाही. आधी घोडीच्या खालच्या भोकावर, मग पुढच्या, असं करत मागची चाकं गाडीच्या फरशीखालून निघतील एवढी उंची घेतली. पोरांनी हात काढल्यावर मिस्त्रींनी घोड्यांच्या पिना एकेक हलवून पाहिल्या.

चासी पुढच्या दिशेनेच काढावी लागते, कारण इंजिन पुढे आहे आणि मागे ढकललं तर ते बॉडीला धडकेल. स्टिअरिंगचा दांडा नसल्यामुळे पुढची चाकं मनाला येईल तिकडे वळत होती, म्हणून एक जण हाताने टायर सरळ धरून उलटा चालत होता. हँडब्रेक नाही, ब्रेक नाही. अंगणाला थोडा उतार. दोघे दगड घेऊन चाकांबरोबर. चासी घोड्यांच्या मधून उन्हात आली तेव्हा बाबा पहिल्यांदा खुर्चीवरून उठले आणि तिच्याभोवती एक फेरी मारून आले. “एवढीशीच होय ही?” म्हणाले.

दुपारी पोरं पांढरा रस्सा खाऊन गेल्यावर मी डावा दरवाजा पुन्हा बिजागरीवर चढवला, बॉडी घोड्यांवरच असताना. टेके आतून असल्याने दरवाजा लावता येत होता. वर 4, खाली 7. उजवीकडे 5 चे कुठे 5, कुठे साडेपाच.

चासी आता उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये आहे, नवे पंख बनतायत. कापलेला तो कुजका तुकडा मी फेकायला निघालो होतो. मिस्त्रींनी अडवलं, एका कोपऱ्यातला कोन अजून शाबूत आहे, त्यावरून माप घ्यायचंय. म्हणून तो वर्तमानपत्रात गुंडाळून पडवीत ठेवलाय, आणि आई रोज त्याच्याभोवतून झाडू मारते.