तुम्ही विचारलंत म्हणून: ५, १७ की १०?

लेकीकडे हेगला चार महिने राहून आले तेव्हापासून घरातलं कार्य असो की सकाळचा वॉकिंग ग्रुप, एक प्रश्न हमखास येतो. मी तिकडे युगोस्लाव्हियाच्या युद्धगुन्ह्यांचं कोर्ट बघून आले हे सगळ्यांना माहितीये, आणि विषय निघाला की मी ओव्चाराची केस, म्हणजे १९९१ मध्ये क्रोएशियात हॉस्पिटलमधून नेऊन मारलेल्या माणसांची केस, सांगत सुटते हेही. ती ऐकून झाली की कोणीतरी म्हणतंच, "अहो मावशी, एकाच माणसाला आधी ५ वर्षं, मग १७, मग १०? हे कोर्ट आहे की भाजी मंडई?"

तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकते. मी ३१ वर्षं जिल्हा कोर्टात स्टेनो होते, शिक्षा वरखाली होताना भरपूर बघितलंय, त्यामुळे आकड्यांचं मला तितकं नवल नाही वाटत. मला त्या केसने धरून ठेवलं ते "ताबा" या एका शब्दामुळे.

आधी काय झालं ते. वुकोवार हे क्रोएशियातलं डॅन्यूब नदीकाठचं गाव. १९९१ च्या ऑगस्टपासून युगोस्लाव सैन्य आणि स्थानिक सर्ब तुकड्यांनी ते वेढलं होतं, ८७ दिवस तोफांचा मारा, १८ नोव्हेंबरला गाव पडलं. हॉस्पिटल तळघरात चालू होतं आणि तिथे जखमी, डॉक्टर, नर्सेस, आणि हॉस्पिटल रिकामं करणार आहेत म्हटल्यावर जीव वाचवायला आलेले बाकीचे लोक, असे सगळे कोंबलेले. त्यात गावच्या रेडिओचा रिपोर्टर सिनिशा ग्लावाशेविचपण होता, वेढ्यातून रोज बातम्या देणारा. तिकडे झाग्रेबमध्ये, म्हणजे क्रोएशियाच्या राजधानीत, करार झाला होता की रेडक्रॉस आणि युरोपियन निरीक्षकांच्या देखरेखीखाली सगळ्यांना बाहेर काढायचं.

२० नोव्हेंबरच्या सकाळी सैन्याच्या मेजर श्लिवान्चानिनने हॉस्पिटलच्या स्टाफची मीटिंग घेतली आणि मीटिंग चालू असतानाच दुसऱ्या दाराने पुरुषांना बाहेर काढून बसमध्ये भरलं. रेडक्रॉसवाले पुलावर अडवलेले. ही मीटिंगची युक्ती वाचली ना तेव्हा मी लॅपटॉप मिटवून ठेवला होता त्या दिवशी, का कोण जाणे, गोळ्यांपेक्षा मला त्या मीटिंगचंच जास्त लागलं.

बसेस आधी सैन्याच्या बरॅकमध्ये नेल्या. तिथे बाहेरचे लोक शिव्या देत होते, मारायच्या धमक्या देत होते, पण पहारा होता त्यामुळे निभावलं, आणि हॉस्पिटल स्टाफचे नातेवाईक वगैरे थोडे जण परतही पाठवले. मग दुपारी बाकीच्यांना ओव्चाराला, म्हणजे गावाबाहेरच्या शेती फार्मवरच्या एका मोठ्या शेडमध्ये. दाराशी दोन रांगा लावून त्यातून एकेकाला मारत मारत आत ढकललं. काही जण ओळखीच्या सर्ब माणसांनी मध्ये पडल्यामुळे सुटले. संध्याकाळी सैन्याचे मिलिटरी पोलीस तिथून निघून गेले. आणि मग रात्री १०-२० जणांचा एकेक गट गाडीत घालून जवळच आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यापाशी नेला आणि गोळ्या घातल्या. मध्यरात्र उलटेपर्यंत.

म्हणजे एक पक्कं लक्षात ठेवा, हे झालं की नाही यावर कोर्टात कधी ५-१७-१० झालेलं नाही. गोळ्या घालणारे होते स्थानिक तुकडीवाले आणि स्वयंसेवक म्हणून आलेले, आणि हेगच्या त्या कोर्टासमोर उभे होते तीन सैन्याधिकारी: कर्नल म्रक्शिच, मेजर श्लिवान्चानिन, कॅप्टन राडिच. (चौथा, वुकोवारचा मेयर, १९९७ ला पकडला गेला होता पण त्याने १९९८ मध्ये निकालाच्या तोंडावर कोठडीत आत्महत्या केली.) तिघांपैकी कोणी गोळी झाडली असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. प्रश्न एवढाच की ती माणसं कोणाच्या ताब्यात होती आणि ताबा सोडताना पुढे काय होणार हे कोणाला माहीत होतं.

आमच्याकडे जेलमधून आरोपी आणतात तेव्हा एस्कॉर्ट पार्टी असते. आरोपी कितीही वाईट असू दे, बाहेर गर्दी त्याला फाडायला टपलेली असू दे, एस्कॉर्ट पार्टी चहा प्यायला म्हणून निघून गेली आणि गर्दीने त्याला मारलं तर विचारणार कोणाला? हे शाळेतल्या पोरालाही कळतं. बरॅकमध्ये जमाव थोपवता आला होता, तो ओव्चाराला थोपवता आला नसता असं कसं म्हणणार?

२७ सप्टेंबर २००७ चा पहिला निकाल. म्रक्शिचने पहारा काढून घ्यायचा हुकूम दिला, परिणाम काय होणार हे त्याला दिसत होतं, त्याला २० वर्षं. राडिच निर्दोष. श्लिवान्चानिनला ५ वर्षं, तीही फक्त छळाला हातभार लावल्याबद्दल, कारण दुपारी तो तिथे होता, मारहाण चालू होती आणि ती थांबवणं त्याचं काम होतं. खुनाबद्दल नाही, कारण वरिष्ठाने पहारा काढल्यावर त्याची जबाबदारी संपली असं कोर्टाला वाटलं. क्रोएशियात यावर किती संताप झाला असेल बघा, ५ वर्षं!

मे २००९ ला अपील. अपील कोर्ट म्हणालं, असं कसं, युद्धकैदी ताब्यात घेतलेत तर त्यांना सांभाळायची जबाबदारी साहेबाच्या हुकुमाने पुसली जात नाही. आणि संध्याकाळी नेगोस्लावत्सी गावातल्या हेडक्वार्टरला म्रक्शिच आणि श्लिवान्चानिन भेटले तेव्हा म्रक्शिचने पहारा काढल्याचं त्याला सांगितलंच असणार. म्हणजे कळूनही तो गप्प बसला. खुनांना साहाय्य, १७ वर्षं.

"सांगितलंच असणार." स्टेनो म्हणून हा शब्द मी हजारदा टाईप केलाय. अनुमान. परिस्थितीजन्य पुरावा. पुष्कळदा बरोबर असतो.

मग उगवला पानिच नावाचा अधिकारी, म्रक्शिचचा चीफ ऑफ स्टाफ. तो म्हणाला त्या बोलण्याच्या वेळी मी तिथेच होतो आणि पहारा काढल्याचा विषय निघालाच नाही. कोर्टाने त्याची साक्ष घेतली, मानली, आणि डिसेंबर २०१० मध्ये स्वतःचाच निकाल फिरवला. खुनाची शिक्षा रद्द, छळाबद्दल १०. पुढच्या जुलैत श्लिवान्चानिन सुटलासुद्धा.

आता सांगा यात मंडई कुठे आहे? एका खोलीतलं एक वाक्य बोललं गेलं की नाही, त्यावर ७ वर्षं. मला ते पटतं का? पटतं, म्हणजे जे कोर्ट आपलं अनुमान चुकलं असं म्हणून मागे येतं त्याचं बाकीचं मी विश्वासाने वाचते. पण ज्या बाईचा मुलगा त्या शेडमध्ये होता तिला जाऊन हे समजावून सांगायची माझी तरी हिंमत नाही.

जे मला अजूनही पचत नाही ते वेगळंच आहे आणि ते कोणी विचारत नाही. कोर्टाने तिघांनाही "मानवतेविरुद्धचा गुन्हा" या आरोपातून सोडलं, खून आणि छळ टिकले ते युद्धनियमांचा भंग म्हणून. कारण काय, तर मारणाऱ्यांनी ही माणसं क्रोएशियन लढवय्ये समजून निवडली होती आणि बरेचसे होतेही, म्हणजे हल्ला नागरिकांवर म्हणून नव्हता. अहो पण सलाईन लावलेला माणूस, त्या यादीतल्या दोन बायका (एक तर गरोदर होती), सोळा वर्षांचा पोरगा? कायदा बारकाईने वाचला तर कोर्टाचं म्हणणं कळतं, मारणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते बघायचं असतं वगैरे. अपिलातही तेच कायम राहिलं. कळतं, पण गळ्याखाली उतरत नाही.

गोळ्या घालणाऱ्यांचे खटले बेलग्रेडला चालले, सर्बियाच्याच कोर्टात. २००५ ला शिक्षा, ती वरच्या कोर्टाने रद्द, २००९ ला परत शिक्षा, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं घोळ. २०१० ला सर्बियाचे अध्यक्ष तादिच ओव्चाराला गेले आणि त्यांनी माफी मागितली, तेवढं एक.

आणि पुरावा आला कुठून विचाराल तर एक जण अंधारात गाडीतून उडी टाकून वाचला होता. त्याने सांगितलेल्या खुणांवरून ऑक्टोबर १९९२ मध्ये क्लाईड स्नो या अमेरिकन हाडतज्ज्ञाने जागा शोधली. तेव्हा तिथल्या यूएन फौजेचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाईट इन्फन्ट्रीतले, हे मला कळलं तेव्हा उगीचच बरं वाटलं. खणायला मात्र १९९६ उजाडलं. २०० मृतदेह निघाले. ग्लावाशेविच त्यातच होता.

हेगला ती कोर्टाची बिल्डिंग (ते कोर्ट २०१७ च्या अखेरीस बंद झालं) बाहेरून एखाद्या विमा कंपनीचं ऑफिस वाटायची, आणि आधी ती होतीही विमा कंपनीचीच. आत काचेपलीकडे कोर्ट, अलीकडे आपण हेडफोन लावून. मी गेले त्या दिवशी भलत्याच केसची सुनावणी होती, मी स्टेनोकडेच बघत बसले होते, सवय.

घरी येऊन २००७ चा निकाल वाचला आणि शेवटच्या परिशिष्टापाशी थांबले. आरोपपत्रात २६४ नावं होती. कोर्टाने ज्यांचा खून सिद्ध धरला त्यांची ही यादी, १९४ नावं, एकाखाली एक. अशा याद्या मी पंचनाम्यांच्या, मुद्देमालाच्या टाईप केल्यात, टाईप झाल्यावर दोघींनी मिळून ताळा करायचा असतो, एकीने वाचायचं, दुसरीने टिक करायचं. लेकीला म्हटलं तू वाच. ती चौथ्या की पाचव्या नावाला थांबली, उच्चार येईना म्हणून, आणि मग आम्ही तशाच बसून राहिलो.