कीबोर्डला हात लावायचा नाही

या सत्रात मी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये सहाय्यक आहे. मी स्वतः तिसऱ्या वर्षाला. मुलं मला ताई म्हणतात आणि सरांना विचारायला जे घाबरतात ते माझ्याकडे येऊन विचारतात.

पहिल्याच आठवड्यात माझं चुकलं. एका मुलाचा सी भाषेतला प्रोग्रॅम कम्पाइल होईना, म्हणजे कम्पायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तो स्वीकारेना. एरर आठव्या ओळीत दिसत होती. तो बिचारा तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता आणि त्या ओळीत काहीच चुकलेलं नव्हतं. सेमीकोलन (;), म्हणजे सूचना संपल्याची खूण, राहिला होता सातव्या ओळीच्या शेवटी. मी कीबोर्ड ओढला, सेमीकोलन टाकला, पुढे गेले. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा, तीच एरर. मला बघताच त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. फार वाईट वाटलं. ताई आली की चालतं, एवढंच शिकवलं होतं मी त्याला.

तेव्हापासून हात मागे बांधून उभी राहते. विचारते, "सातवी ओळ संपली हे कम्पायलरला कशावरून कळणार?" वेळ लागतो, मागे तीन हात वर असतात, तरी थांबते.

गेल्या गुरुवारी एका मुलीने वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं, एक्स = एक्स + 1. "ताई, दोन्हीकडून एक्स काढला तर शून्य बरोबर एक होतं. हे खरं कसं?" शेजारचे हसले. मी त्यांना गप्प केलं, कारण पहिल्या वर्षी मलाही नेमकं हेच अडलं होतं आणि मी न विचारता पाठ करून टाकलं होतं.

मी तिला सांगितलं, तुझं गणित बरोबर आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने 1557 मध्ये = हे चिन्ह आणलं ते समानतेसाठीच. दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काय असणार! सीमध्ये मात्र त्याच चिन्हाला वेगळं काम दिलंय: उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या डब्यात ठेव. पास्कल या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी := असं निराळं चिन्ह आहे. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

तिने वहीत चौकोन काढला, आत 5 लिहिलं, खोडलं, 6 लिहिलं. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि दोन गोष्टी सारख्या आहेत का, हे विचारायचं असेल तर?"

त्यासाठीचं == हे चिन्ह पुढच्या आठवड्यात शिकवायचं होतं. मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.