नळीवर क्रमांक कुठे रंगवायचा?

म्यूऑन, म्हणजे आकाशातून सतत कोसळणारे सूक्ष्म कण, मोजण्याचे उपकरण उभारताना सर्वांत अवघड काय गेले, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी डेडस्टॉक क्रमांकाची, म्हणजे संस्थेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीतल्या क्रमांकाची हकिगत सांगते.

दोन फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अगदी मंद प्रकाशाचेही विजेच्या स्पंदात रूपांतर करणाऱ्या काचेच्या नळ्या, सोलापुरातल्या आमच्या महाविद्यालयात भर एप्रिलमध्ये आल्या. मी रजेवर असताना भांडार विभागाने नोंदीसाठी खोकी उघडली, काळे वेष्टन काढले आणि नळ्या खिडकीलगतच्या कपाटावर ठेवल्या. वस्तूवर क्रमांक रंगवल्याशिवाय ती बाहेर जात नाही आणि बिलही पुढे सरकत नाही, या नियमापायी त्या तिथे बारा दिवस पडून राहिल्या. ‘मॅडम, खुर्चीवर घालतो, पंख्यावर घालतो, मग यावर का नको?’ असे मला विचारले गेले. पांढऱ्या ऑइलपेंटसाठी निवडलेली जागा होती नळीचे सपाट तोंड, म्हणजे ज्याच्या आतल्या बाजूस फोटोकॅथोडचा, म्हणजे प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा थर असतो आणि जिथून प्रकाश आत यायचा, नेमकी तीच काच! मग पत्र्याची पट्टी बांधण्याचा तोडगा निघाला. तोही मी नाकारला, कारण आमच्या रचनेत फोटोकॅथोडवर उणे हजार व्होल्ट असतात आणि जमिनीशी जोडलेला धातू काचेला टेकला की खोटे स्पंद वाढतात. तीन अर्जांनंतर क्रमांक नळीवर बाहेरून बसवायच्या पीव्हीसी पाइपवर रंगवायचे ठरले. तो पाइप मी स्वखर्चाने आणला, तेव्हा कुठे सही झाली. नळ्या मागवतानाच हे लेखी मान्य करून घ्यावे.

प्रकाश खाल्लेली नळी व्होल्टेज नसतानाही बिघडते. अंधारातही ती भरमसाट मोजत राहते. दोन दिवस काळोखात ठेवल्यावर आकडे उतरले. एक नळी मात्र अजून दुसरीपेक्षा जास्त बडबडते, आणि सिद्ध करता येत नसले तरी माझा राग त्या खिडकीवर आहे.

बेसची, म्हणजे नळीच्या भागांना व्होल्टेज वाटून देणाऱ्या मंडलाची जुळणी सरळ झाली. नळीत इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवत नेणाऱ्या दहा पट्ट्यांपैकी, म्हणजे डायनोडांपैकी, प्रत्येकावर एका इलेक्ट्रॉनचे चार होत गेले, तर शेवटी दहा लाखांहून अधिक होतात.

दुपारी आकडे पुन्हा चढले. नळ्या ठेवलेल्या काळोख्या पेटीवर सोलापुरी चादर दुहेरी टाकली तरी फरक पडेना, म्हणजे उजेड शिरायला फट नव्हती. उष्णतेनेच फोटोकॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटत होते. तेव्हापासून चाचण्या पहाटे पाचला घेतल्या. व्होल्टेज चालू असताना पेटी उघडू नये, हे आधीच सांगायला हवे होते. खोलीतल्या उजेडानेही नळी कायमची जाऊ शकते.

समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. 20 सेंटीमीटर बाजूच्या दोन सिंटिलेटर पाट्या (कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या) दोन बोटांच्या अंतराने एकावर एक ठेवून दोन्ही नळ्यांचे एकाच वेळी आलेले स्पंद मोजले, तेव्हा मिनिटाला 270च्या आसपास आकडा आला. मार्चमधल्या डेडस्टॉक पडताळणीत ‘आत नळी आहे ना, दाखवा’ असे म्हटले गेले. व्होल्टेज चालू होते, म्हणून मी फक्त आकडा दाखवला.